मुद्दल खाणारे बेट आणि आपला जिल्हा

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी धान्यव्यापारातील अनुभवांवर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले ठोक धान्याचे व्यापारी. लेखणीशी आमचा संबंध वहीपुरता. तेव्हा वहीतलीच एक गोष्ट वाचकांपुढे ठेवतो. ती पॅसिफिक महासागरातील एका बेटावर सुरू होते आणि आदिलाबादच्या मोंढ्यात येऊन पोचते. व्यापारी बंधूंनी व घरातील भगिनीवर्गाने प्रारंभी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

आम्ही सतराव्या वर्षी पेढीवर बसलो. पहिल्याच दिवाळीस, वहीपूजन आटोपल्यावर, वडिलांनी जवळ बसवून घेतले व म्हणाले, "गल्ल्यात पैसा दिसला म्हणजे तो नफा असे समजू नकोस. माल विकून आलेला पैसाही गल्ल्यातच पडतो आणि घरावरचे पत्रे विकून आलेला पैसाही तिथेच पडतो. कोणता कुठला हे वही सांगते, गल्ला सांगत नाही." त्या वेळी हे बोलणे आम्हांस जुन्या माणसाचे नेहमीचे बोलणे वाटले. पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षांत अनेक पेढ्या बुडताना पाहिल्या. त्यांतील कित्येक तोट्याने बुडाल्या नव्हत्या. मुद्दलास नफा समजून खर्च केल्याने बुडाल्या होत्या. बुडण्याच्या आदल्या वर्षापर्यंत त्यांच्या घरच्या लग्नकार्यांत कशाची उणीव नव्हती.

काही वर्षांपूर्वी मेलबर्न येथे भाच्याकडे जाण्याचा योग आला. त्याने शहर दाखविताना कॉलिन्स स्ट्रीटवरील एका बावन्न मजली इमारतीकडे बोट केले व म्हणाला, "मामा, ही इमारत एके काळी अशा देशाच्या मालकीची होती की तो देश आपल्याकडच्या एखाद्या मंडलाहूनही लहान आहे." आम्हांस ती थट्टा वाटली. घरी आल्यावर त्याने वाचून दाखविले, समजावून सांगितले. परत आल्यावर आम्ही आणखी माहिती मिळविली. त्या देशाचे नाव नौरू.

नौरूचे क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर. लोकसंख्या सुमारे बारा हजार, म्हणजे आपल्याकडील दोन-चार मोठ्या गावांइतकी. १७९८ साली जॉन फर्न नावाच्या इंग्रज कप्तानास हे बेट दिसले, तेव्हा नारळीची झाडे व हिरवळ पाहून त्याने त्यास 'रम्य बेट' असे नाव दिले. त्यानंतर शंभर वर्षांनी, सिडनीतील एका कंपनीच्या कचेरीत, त्या बेटावरून आणलेला एक दगड दार अडविण्यासाठी ठेवलेला होता. अल्बर्ट एलिस नावाच्या तेथील माणसास शंका आली व त्याने १९०० सालच्या सुमारास तो दगड तपासला. तो अत्युत्तम प्रतीचा फॉस्फेटचा खडक निघाला! ज्याने दार अडवावयाचे, त्याच दगडाने एका राष्ट्राचे दैव उघडले आणि पुढे बंदही केले.

फॉस्फेट म्हणजे काय, हे खत विकणाऱ्या बंधूंना सांगावयास नको. पिकाच्या मुळास व दाण्यास जे स्फुरद लागते, ते याच खडकापासून मिळते. आपल्याकडील डीएपीच्या पोत्यावर १८ आणि ४६ असे आकडे असतात. त्यातील ४६ हा स्फुरदाचा. भारतात असा खडक फार थोडा, त्यामुळे मोरोक्को, जॉर्डन आदी देशांकडून तो किंवा त्याचे तयार खत आणावे लागते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या जमिनींत स्फुरदाची मोठी उणीव होती. १९०६-०७ पासून नौरूचे उत्खनन सुरू झाले. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या तीन सरकारांनी आपसांत करार करून ती खाण ताब्यात घेतली आणि माल आपल्या शेतकऱ्यांस जगाच्या बाजारभावाहून स्वस्त, जवळजवळ पडत्या किमतीत पुरविला. बेटवासीयांच्या हाती नाममात्र स्वामित्वशुल्क आले. म्हणजे ऑस्ट्रेलियाचा गहू नौरूच्या जमिनीवर पोसला गेला. आम्ही धान्याचे व्यापारी. आजवर दाणा हातात घेऊन त्याची ओल, त्याचा रंग व त्यातील खडे पाहिले. त्या दाण्यात दुसऱ्या कोणाची जमीन असू शकते, हे कधी पाहिले नव्हते.

खाणीने बेट राहण्यालायक उरणार नाही हे दिसू लागले, तेव्हा १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियाने सुचविले की सर्व लोकांनी क्वीन्सलँडजवळच्या कर्टिस बेटावर राहावयास यावे. नौरूचे नेते हॅमर डिरॉबर्ट व त्यांचे लोक यांनी ते नाकारले. परक्याच्या अंगणात राहून स्वतःचे राज्य कसले, असा त्यांचा विचार. ३१ जानेवारी १९६८ रोजी नौरू स्वतंत्र झाले, १९७०मध्ये खाणीचा कारभार त्यांच्या हाती आला, आणि मग पैशाचा पूर आला. १९७०च्या दशकात दरडोई उत्पन्नात हा देश जगातील अगदी वरच्या पंक्तीत होता. कर नाही, दवाखाना फुकट, शिक्षण फुकट, स्वतःची विमाने. मेलबर्नची ती बावन्न मजली इमारत १९७७ साली पुरी झाली.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो, कारण या गोष्टीचे तात्पर्य काढणारे ती वगळतात. नौरूचे लोक मूर्ख नव्हते. खडक संपणार हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी फॉस्फेटच्या उत्पन्नातून मोठा विश्वस्त निधी उभारला. भरभराटीच्या काळी तो एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक होता. जमिनीचे मुद्दल गेले तरी पैशाचे मुद्दल उरावे, हा हिशेब कागदावर कोणत्याही पेढीस शोभेल असाच होता. परंतु ज्यांनी तो निधी सांभाळावयाचा, त्यांनी तो कर्जाऊ कारभारात, तोट्यातील विमानांत व परदेशी सल्लागारांच्या नादी लागून नको त्या उद्योगांत घालविला. १९९३ साली लंडनमध्ये लिओनार्दो दा विंचीवरच्या एका संगीत नाटकास या देशाने पैसा पुरविला. ते नाटक सपशेल पडले. त्याच वर्षी, खाणीने झालेल्या नुकसानीबद्दल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात १९८९पासून चाललेल्या दाव्यात तडजोड होऊन ऑस्ट्रेलियाने १०.७ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. तेही पुरले नाहीत. २००४ साली ती बावन्न मजली इमारत सावकारांचे देणे भागविण्यासाठी विकावी लागली.

आज त्या बेटाच्या पाच भागांपैकी चार भाग खणून टाकलेले आहेत. मधल्या पठारावर चुनखडीचे सुळके तेवढे उभे आहेत. त्यांच्यामधून माणसास चालता येत नाही, मग नांगर कोठून चालणार? लोक किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत राहतात. पिण्याचे पाणी पन्हाळीखाली साठवावे किंवा समुद्राचे गोडे करून घ्यावे. तांदूळ, पीठ, डबाबंद मांस सर्व जहाजाने येते. मधुमेहाचे प्रमाण जगात ज्या देशांत सर्वाधिक आहे त्यांत नौरूचे नाव असते. २००१ पासून ऑस्ट्रेलियाकडे आश्रय मागणाऱ्या परदेशी लोकांना आपल्या बेटावर ठेवून घेण्याचा मोबदला हे देशाचे मोठे उत्पन्न झाले. आता समुद्र चढत असल्यामुळे बहुतेक लोकांस किनाऱ्यावरून उंच जागी हलविण्याची योजना आहे, आणि तीसाठी सरकार धनिक परदेशीयांस नागरिकत्व विकू लागले आहे. उंच जागा म्हणजे कोणती? तीच, जी खणून खाल्ली. राहण्यासाठी ती आधी सपाट करावी लागणार.

या देशाची जमाखर्चाची वही आम्ही मनाशी मांडून पाहिली. जमेकडे विकलेल्या खडकाची रक्कम वर्षानुवर्षे लिहिलेली. नावे बाजूस पगार, विमाने, इमारती. परंतु खडक कमी झाला, माती गेली, झाड गेले, याची नोंद दोहोंपैकी एकाही बाजूस नाही. आमच्याकडे ट्रक जुना झाला तर दरसाल त्याचा घसारा लिहावा लागतो, नाहीतर हिशेब तपासनीस सही करीत नाही. जमिनीचा घसारा कोणी मागत नाही.

कोणी म्हणेल, शेठजी, आपल्या जिल्ह्यास समुद्र नाही, आपण बेट नव्हे. खरे आहे. उत्तरेस पैनगंगा व दक्षिणेस गोदावरी असताना आपणांस भिण्याचे कारण काय? तथापि २०१६ साली ज्या जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, त्याच्याच हद्दीत आम्हांस नौरूच्या लहानलहान आवृत्त्या दिसतात. बेल्लमपल्लीस कोळसा होता तोवर बाजारपेठ होती. जुन्या खाणी बंद पडत गेल्या आणि तेथील दुकानदारांचे काय झाले ते आपल्यापैकी अनेकांच्या सोयरेमंडळींस विचारावे. निर्मलची लाकडी खेळणी जगात नावाजलेली, परंतु ती ज्या हलक्या पोनिकी लाकडाची होतात, तेच लाकूड कारागिरास आता सहज मिळत नाही. शतकानुशतके तोडले, लावण्याचे कोणास सुचले नाही. ही उदाहरणे इतरांची झाली. आता आपल्या घरचे सांगतो.

वडिलांच्या काळच्या वह्या आमच्याकडे अजून आहेत. दिवाळीनंतरच्या महिन्यांची पाने उघडली की पानेच्या पाने ज्वारीची आवक. त्याखालोखाल तूर, मूग, उडीद, थोडे तीळ. उटनूर, इंद्रवेल्ली, जैनूर भागांतून गोंड, कोलाम, आंध शेतकऱ्यांच्या बैलगाड्या रात्री मोंढ्याबाहेर सुटत आणि पहाटे लिलाव होई. गेल्या वर्षीच्या वहीत ज्वारीस दीड पान लागले. बाकी सर्व सोयाबीन, हरभरा, आणि मोंढ्याच्या पलीकडे कापूसच कापूस.

ज्वारी गेली म्हणजे एक धान्य गेले, असे आम्ही बरेच दिवस समजत होतो. तसे ते नव्हते. ज्वारीबरोबर कडबा गेला. कडबा गेला तेव्हा बैल व गाय पोसणे महाग झाले आणि ती विकली गेली. जनावरे गेली तेव्हा शेणखत गेले. शेणखत गेले तेव्हा जमिनीत ओल धरून ठेवणारे काही उरले नाही आणि पोत्यातील खत वाढवावे लागले. ज्वारीच्या दोन ओळींमागे तुरीची, मुगाची ओळ असे, ती हवेतील नत्र जमिनीस देई. तीही कमी झाली. डोंगरउतारावर कपाशीच्या स्वच्छ निंदलेल्या सऱ्यांतून पहिल्या मोठ्या पावसात जी काळी माती वाहते, ती पैनगंगेचे पाणी पाहून कोणासही कळेल. ती माती बनावयास शतके लागली. आणि शेवटी पाखरे. पूर्वी साऱ्या शिवारात ज्वारी असे, तेव्हा पाखरांचा वाटा सर्वांमध्ये विभागला जाई. आता एखाद्याने हौसेने दोन एकर पेरली तर पंचक्रोशीतील पाखरे त्याच एकावर उतरतात, आणि पुढील वर्षी तोही कपाशी लावतो.

ज्वारी म्हणजे सोने होते असे सांगून आम्ही वाचकांस फसविणार नाही. तिचा उतारा कमी, भाव मंदीचा, राखण रात्रंदिवसाची. कापसाने पुष्कळ घरांवर स्लॅब पडले, मुली शिकल्या. शेतकऱ्याने कापूस लावला यात त्याचा दोष नाही. २००२ साली बीटी बियाणास परवानगी मिळाल्यावर प्रारंभीची काही वर्षे उत्पन्नही चांगले निघाले. पुढे गुलाबी बोंडअळीस त्या बियाणाचे भय उरले नाही. २०१७ साली तर पैनगंगेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले. ते लोक आपले शेजारी, कित्येकांचे पैपाहुणे.

येथे आम्हांस आपल्या समाजाबद्दल थोडे कठोर लिहावे लागते; बंधूंनी क्षमा करावी. आपल्यापैकी अनेकांनी धर्मदृष्टीने कीटकनाशकांचा व्यापार कधी केला नाही व त्याचा आपणांस अभिमानही आहे. परंतु मृगापूर्वी उचल मागावयास शेतकरी आपल्याच पेढीवर येतो. उचल कोणत्या पिकास द्यावयाची हे आपण ठरवितो. त्या उचलीतून तो कोणती बाटली विकत घेणार हे आपणांस ठाऊक असते. बाटली आपण विकली नाही एवढेच.

आमच्याच पेढीवरचा प्रसंग आहे. साधारण वीस वर्षांपूर्वी उटनूरकडील एक वृद्ध गोंड शेतकरी, वडिलांच्या वेळेपासूनचा आमचा माणूस, नेहमीप्रमाणे ज्वारी-तुरीसाठी उचल मागावयास आला. आम्ही त्यास म्हणालो, "दादा, ज्वारीवर आता कोणी पैसे देत नाही. कपाशी लावत असाल तर हवे तेवढे न्या." तो बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "शेठ, कपाशी खाता येत नाही." पेढीवरील सर्वजण हसले, आम्हीही हसलो. त्याने पैसे नेले व कपाशी लावली. तीन-चार वर्षांनी तोच शेतकरी आमच्या दुकानी ज्वारी विकत घेण्यास आला, उधारीवर. ती ज्वारी त्याच्या भागातील नव्हती, सोलापूरकडची होती. आम्ही ती मोजून दिली आणि वहीत लिहिली. त्या दिवशी मात्र पेढीवर कोणी हसले नाही.

ज्या भागातून तो येई, तो कुमराम भीमाचा मुलूख. जल, जंगल, जमीन आमची, असे म्हणून निजामाच्या अमलाशी लढत १९४० साली ते जोडेघाट येथे मारले गेले. आजही केस्लापूरच्या नागोबाच्या यात्रेपूर्वी मेस्राम कुळातील लोक गोदावरीचे पाणी पायी घेऊन येतात. त्या लोकांना आम्ही अडाणी म्हणत आलो. मुद्दल कोणते, हे त्यांना आमच्याआधी कळले होते. त्यांच्याजवळ वही नव्हती.

मग आपण काय करावे? सरकारने करावे हे म्हणणे सोपे आहे, आणि सरकार काही करीतही आहे. २०१५ पासून मिशन काकतीय योजनेखाली तलावांतील गाळ निघाला. ज्यांनी तो आपल्या शेतात नेऊन टाकला त्यांच्या जमिनी सुधारल्याचे आम्ही पाहिले आहे. पुष्कळांजवळ ट्रॅक्टरचे भाडे नव्हते म्हणून त्यांनी नेला नाही. २०२३ हे भरडधान्यांचे जागतिक वर्ष म्हणून साजरे झाले, व्याख्याने झाली. रब्बीत काही शेतकरी पुन्हा ज्वारी पेरू लागले आहेत हेही खरे. परंतु मोंढा आपला आहे. जुन्या काळी प्रत्येक पोत्यामागे धर्मादाय निघे व त्यातून धर्मशाळा, पाणपोया चालत. तो शेतकऱ्याच्या पट्टीतून कापला जाई. ती कपात पुढे बंद झाली आणि ते योग्यच झाले. आमचे म्हणणे असे की, संघटनेच्या सभासदांनी आपल्या स्वतःच्या नफ्यातून पोत्यामागे काही पैसे 'जमिनीचा घसारा' या नावाने वेगळे लिहावेत. त्यातून गाळ वाहून नेण्याचे भाडे द्यावे. बांधाबांधास झाडे लावणाऱ्यास रोपे द्यावीत. आणि ज्वारी-तुरीच्या मिश्र पिकास कपाशीइतकीच उचल, त्याच अटींवर, द्यावी. पाच-दहा गावांनी एकत्र पेरले तर पाखरांचाही प्रश्न बराच सुटेल. हमीभावाहून कमी दराने तो माल आपण घेऊ नये. यात तोटा होईल काय? काही वर्षे थोडा होईल. घसारा लिहिला की नफा कमी दिसतोच.

नौरूच्या विश्वस्तांचे उदाहरण ध्यानी घेऊन हेही लिहितो की, हा पैसा कोणाच्या ताब्यात राहील, दरसाल हिशेब कोण तपासील, हे आधी ठरावे. पुण्यकार्याच्या पैशाचा हिशेब विचारणे अप्रशस्त, अशी जी आपल्यात एक समजूत आहे, ती या कामी चालणार नाही. येत्या वार्षिक सभेत आम्ही हा ठराव मांडणार आहोत. विरोध करणाऱ्या बंधूंनी अवश्य करावा. मात्र वही घेऊन यावे.

घरच्यांचाही एक आक्षेप येथे नोंदवितो. हा लेख वाचून दाखविला तेव्हा आतून प्रश्न आला की, मोंढ्यात ज्वारीचे व्याख्यान आणि ताटात रोज गव्हाची पोळी, हे कसे? आक्षेप बिनतोड होता. आता आठवड्यातून चार दिवस भाकरी होते. नातवंडे अजून कुरकुर करतात.

आमच्या पेढीपुरता आरंभ आम्ही गेल्या वर्षीच केला. मृगापूर्वी अकरा शेतकऱ्यांनी ज्वारी-तुरीसाठी उचल नेली. त्यांपैकी चौघांनी पैसे नेऊन कपाशीच लावली, हे पोळ्याच्या सुमारास कळले. उरलेल्या सातांपैकी दोघांची ज्वारी पावसात काळी पडली. ती आम्ही ठरल्या भावाने घेतली व कोंबड्यांच्या खाद्यासाठी तोट्यात विकली. पाचांचा माल चांगला आला. त्या वृद्धाचा मुलगा त्या चौघांतला, कपाशी लावणारा. त्याचे नाव वहीत तसेच ठेवले आहे. येत्या मृगापूर्वी त्यास पुन्हा विचारणार आहोत.